पूर्वेच्या रांगेतली कामिनी

नरहरराव देवपुजारी वर्ध्याच्या भूमापन कचेरीत हेडक्लार्क होते. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणांचे कागद वीस वर्षं त्यांच्या टेबलावरून जात होते. कोणी हद्दीचा दगड हातभर सरकवला, कोणी शेजाऱ्याच्या बाभळीच्या मुळाशी उकळतं पाणी ओतलं, कोणी सख्ख्या भावाचं लिंबाचं झाड वाळवलं, हे सारं त्यांनी वाचलं होतं. वाचून वाचून त्यांची अशी समजूत झाली होती की कुंपणापलीकडचा माणूस काहीतरी करतच असतो, ते उघडकीला कधी येतं एवढाच प्रश्न असतो.

छप्पन साली त्यांनी सेवाग्रामच्या रस्त्याला तीन खोल्यांचं घर बांधलं. मुलगी लग्न होऊन अमरावतीला गेलेली, घरात ते आणि शरयूबाई दोघंच. घर झालं तशी नरहररावांच्या मनातली जुनी हौस वर आली. एकदा भर मे महिन्यात कामासाठी ते नागपूरला गेले असताना एका साहेबाच्या बंगल्याभोवती त्यांनी कामिनीचं कुंपण पाहिलं होतं. रस्त्यावर धूळ आणि पाचोळा उडत होता, आणि आत ती काळपट हिरवी, चकचकीत पानांची झुडपं उभी होती. उन्हाळ्यात ही पान टाकत नाही का, असं त्यांनी तिथल्या माळ्याला विचारलं होतं. टाकते, माळी म्हणाला, पण नवं आल्याशिवाय जुनं सोडत नाही. हे उत्तर नरहरराव विसरले नाहीत. वर्ध्यात एप्रिल लागला की सगळं भाजून निघतं, आणि आपल्या अंगणात मात्र बारमाही हिरवं असावं, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

सत्तावनच्या पावसाळ्यात त्यांनी नागपूरच्या एका रोपवाटिकेतून कामिनीची तीस रोपं पॅसेंजरने आणली, ओल्या पोत्यांत गुंडाळून. खड्डे रूपरावाने खणले. रूपराव जवळच्या खेड्यातला माळवं पिकवणारा शेतकरी, वांगी-मेथी घेऊन बाजाराला येई, आणि घराचा पायाही त्यानेच खणला होता. काळ्या मातीत पाणी साचून मुळं सडतात म्हणून त्याने खड्ड्यांत मुरूम आणि शेणखत घातलं. पश्चिमेला दहा, दक्षिणेला दहा, पूर्वेला दहा अशी रांग लागली. नरहरराव दोरी लावून प्रत्येक रोप तपासत होते. एकही रोप रांगेबाहेर चाललं नसतं त्यांना.

त्याच सुमारास पूर्वेकडच्या घरात वासुदेवराव लिमये भाड्याने राहायला आले. नवं राज्य झाल्यावर त्यांची पुण्याकडून इथल्या शाळेत बदली झाली होती. विज्ञान शिकवायचे, विधुर, एकटेच. बोलणं अगदी स्वच्छ, शब्दन् शब्द घासून ठेवल्यासारखं. नरहररावांना ते बोलणंच पहिल्यांदा खटकलं. मग लिमयांनी आपल्या बाजूला तारेचं कुंपण घातलं, आणि नरहररावांनी मापून पाहिलं तर ते त्यांच्या मते वीतभर आत आलं होतं. त्यावरून दोघांची बोलाचाली झाली. घरमालकाने दाखवलेल्या खुंट्यांवर तार ओढली, असं लिमये म्हणाले. खुंट्या कशा सरकतात ते मला सांगू नका, असं नरहरराव म्हणाले. त्या दिवसापासून बोलणं बंद. या घरातून त्या घरात काही जायचं नाही आणि तिकडचं काही घ्यायचं नाही, असं त्यांनी शरयूबाईंनाही बजावलं.

दिवाळीपर्यंत पश्चिमेची आणि दक्षिणेची रोपं कंबरेला लागली. पूर्वेची मात्र गुडघ्यावरच राहिली आणि पिवळी पडू लागली. पिवळेपणाही चमत्कारिक होता. पानाच्या शिरा हिरव्या, आणि शिरांच्या मधलं सगळं पान हळदीसारखं. दोन रोपं कार्तिकात वाळून गेली. रोपं एकाच गाडीतून आलेली, माती एक, पाणी एकाच विहिरीचं, हात एकाचाच. मग पूर्वेचीच रांग का मरावी? नरहररावांना याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पूर्वेला लिमये होते.

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पुरावा हाती आल्याशिवाय बोलायचं नाही, ही कचेरीची शिस्त. रोज पहाटे ते न्हाणीघराच्या झरोक्याशी उभे राहून पलीकडे बघू लागले. चौथ्या दिवशी त्यांना दिसलं. लिमये उपरणं गुंडाळून कुंपणाशी आले, तारेतून हात घातला आणि एका बाटलीतलं काहीतरी झुडपांच्या बुडाशी सावकाश ओतत गेले. पाच झाडं झाल्यावर बाटली संपली. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि आत निघून गेले. बाटलीतलं पाणी फिकट हिरवं होतं.

नरहररावांना राग आला, पण त्या रागात एक समाधानही होतं. आपण म्हणत होतो तेच निघालं, याचं.

तरी एवढ्याने भागणार नव्हतं. त्यांनी चुलीतली राख चाळून घेतली आणि संध्याकाळी पूर्वेच्या रांगेभोवती पातळ पसरली. लिमये कुंपण ओलांडून आत येत असतील तर पावलं उमटतील. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाण्याआधी पाहिलं तेव्हा राख तशीच होती. दुपारी डोकं दुखतं सांगून ते लवकर घरी आले आणि सरळ मागे गेले. राखेत पावलं होती. अनवाणी, लहान, आणि दुसऱ्या बोटापाशी जोडव्याची गोल खूण. झाडांच्या बुडाची माती खुरप्याने नुकतीच हलवलेली दिसत होती.

 ते घरात आले आणि त्यांनी शरयूबाईंना विचारलं, आज मागं गेलती का? शरयूबाई तांदूळ निवडत होत्या. कपडे वाळत घालाले गेलते तेवढंच, त्या म्हणाल्या. कपडे पश्चिमेच्या दोरीवर होते.

त्या दिवसापासून नरहररावांचं घरातलं वागणं बदललं. ते बायकोकडे फायलीसारखं बघू लागले. तिच्या साध्या बोलण्यातही त्यांना काहीतरी सापडू लागलं. गुरुवारी शाळेला सुट्टी आहे, असं ती सहज म्हणाली. हे तिला कोणी सांगितलं? एकदा जेवताना म्हणाली, झाडालेही लोह लागते म्हणे. कोण म्हणे, असं त्यांनी विचारलं, तर ती घाईने म्हणाली, कोणी नाई, असंच. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने लोह हा शब्द कधी उच्चारला नव्हता. घरात लोखंड होतं, तवा होता, विळी होती. लोह पुस्तकातलं होतं, आणि पुस्तकं पलीकडच्या घरात होती.

एका रविवारी शरयूबाई देवळात गेल्या तेव्हा त्यांनी स्वयंपाकघर धुंडाळलं. स्वतःच्याच घरात ते चोरासारखे डबे उघडत होते. मिठाच्या बरणीमागे कागदाची पुडी होती, आणि पुडीत फिकट हिरवे खडे. त्यांनी चिमूटभर खडे रुमालात बांधले आणि बाजारात एका काष्ठौषधीच्या दुकानात नेले. दुकानदाराने खडा उजेडात धरला. हिराकस आहे, तो म्हणाला. शाईत घालतात, रंगाऱ्यांना लागते. आणि पोटात गेली तर? नरहररावांनी विचारलं. दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. थोडी औषधात पडते, पण जास्त गेली तर वाईट, असं म्हणून त्याने खडा परत दिला.

नरहरराव घराकडे निघाले. झाडांचं आता त्यांच्या मनात नव्हतंच. मिठाच्या बरणीमागे ती पुडी का ठेवावी, एवढंच डोक्यात फिरत होतं. गेले आठ दिवस आपल्या पोटात जळजळतं आहे, तोंडाला चव नाही, हेही त्यांना आठवलं. तसं ते दर हिवाळ्यात व्हायचं. पण त्या वेळी ते आठवलं नाही.

दोन दिवस त्यांनी घरी नीट खाल्लं नाही. भूक नाही म्हणाले, कचेरीजवळ चिवडा खाऊन वेळ मारून नेली. शरयूबाईंनी ओव्याचा काढा करून दिला, तो त्यांनी मोरीत ओतला. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी शरयूबाईंनी पाट मांडला. भाकरी, वांग्याची भाजी, वरण, लोणचं. नरहरराव पाटावर बसले आणि ताटाकडे बघत राहिले.

“काऊन, जेवत नाई?” शरयूबाईंनी विचारलं.

नरहररावांनी ताट बोटभर पुढे सरकवलं. “आधी तू खा,” ते म्हणाले.

शरयूबाईंना आधी काही कळलं नाही. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि मिठाच्या बरणीकडे पाहिलं.  त्या खाली बसल्या. ताटातली भाकरी मोडली, भाजीला लावली आणि खाल्ली. वरणाचा घास खाल्ला. लोणच्याची फोड चाखली. सगळं सावकाश, एक एक करून. मग हात धुतले.

“झालं?” त्या म्हणाल्या. “आता जेवा.”

आणि नरहरराव घास घेत असतानाच त्यांनी सगळं सांगितलं. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. दोन रोपं मेली तेव्हा तुमी दोन दिवस उदास होते, त्या म्हणाल्या. मी कुंपणापाशी उभी होते, तर लिमये मास्तर पलीकडून म्हणाले की या झाडांना लोह मिळत नाही, हिराकशीच्या पाण्याने कदाचित उठतील. तुमी त्यांचं काही घेतलं नसतं. म्हणून मीच म्हटलं, त्यांना सांगू नका, तुमच्या बाजूनं ओता. ते ओततात, मी माती हलवते. पुडीही त्यांनीच दिली, ते सुट्टीत गावाला जातील तेव्हासाठी.

नरहररावांनी जेवण संपवलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. खोटं सांगणाराही इतकं सरळ सांगू शकतो, हे त्यांनी कचेरीत शंभरदा पाहिलं होतं. ते उठले आणि चार महिन्यांत पहिल्यांदा लिमयांच्या दारात गेले.

लिमयांनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. लिमयांनी काही नाकारलं नाही. मग उठून एक पिवळं पान आणलं आणि शिरा दाखवून समजावलं. मातीत चुना फार झाला की लोह असूनही झाडाला घेता येत नाही, असं ते म्हणाले. हे ऐकून नरहरराव हसले. आमची काळी कपाशीची माती आहे, तिच्यात एवढा चुना कुठून आला? आणि असेल तर पश्चिमेची झाडं कशी हिरवी?

“ते मलाही कळलेलं नाही,” लिमये म्हणाले.

नरहररावांना एवढंच हवं होतं. उत्तर नाही म्हणजे कारण वेगळं आहे. उद्यापासून एक थेंबही ओतायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. बरं, लिमये म्हणाले, आणि दारापर्यंत पोचवायला आले.

ओतणं थांबलं. आता झाडं सुधारतील, असा नरहररावांचा हिशेब होता. ते रोज सकाळी पानं बघत. पण झालं उलटं. ज्या पाच झाडांना शेंड्याशी हिरवी पालवी फुटायला लागली होती, ती माघापर्यंत पुन्हा पिवळी पडली. एक झाड वाळलं. पलीकडून आता कोणी फिरकतही नव्हतं. नरहरराव पहाटे झरोक्याशी उभे राहत तेव्हा समोर नुसतं अंगण दिसे.

घरात त्याहून वाईट चाललं होतं. त्या दुपारपासून शरयूबाई दर जेवणाला त्यांच्या ताटातला पहिला घास स्वतः खात. त्यांच्यासमोर, मग ताट पुढे करत. दोनदा-तीनदा नरहरराव म्हणाले, नको आता. असू द्या, त्या म्हणत. सकाळ-संध्याकाळ हे चाले. तो घास त्या गिळेपर्यंत नरहररावांना मान वर करता येत नसे.

फाल्गुनात त्यांनी रूपरावाला बोलावलं आणि मेलेली तीन झाडं उपटून खड्डे नव्याने खणायला सांगितले. ते स्वतः शेजारी उभे होते. रूपराव हातभर खाली गेला तशी कुदळ पांढऱ्यावर आपटली. त्याने ढेकूळ काढून बाजूला ठेवलं, मग दुसरं. खड्ड्याच्या कडेला पांढरा थर लांबच लांब गेलेला दिसत होता.

“हे काय आहे?” नरहररावांनी विचारलं.

“चुना होय बाबूजी,” रूपराव म्हणाला. “घर बांधतानी मिस्त्र्यानं इथंच टाकं केलतं. इथंच भिजवे, इथंच गाळे, अन् वरचं चुन्याचं पाणी, निवळी, या कडंकडंनं सोडून दे. मंग काम झाल्यावर वरून माती लोटली. मले खड्डे करतानी थोडं पांढरं दिसलं होतं.”

“मंग तेव्हा काऊन नाई सांगितलं?”

“तुमी विचारलं नाई. तुमाले रांग सरळ पायजे होती.”

नरहरराव खड्ड्याच्या काठावर बसले. पूर्वेला, घरापासून कुंपणापर्यंत, जिथे जिथे निवळी वाहिली असेल तिथे तिथे त्यांनी दोरी लावून झाडं लावली होती. स्वतःच्याच घराचा चुना होता तो. रूपरावाने विचारलं, आणखी खणू का? खण, ते म्हणाले, आणि एक ढेकूळ उचलून घरात गेले.

शरयूबाई चुलीशी होत्या. नरहररावांनी ढेकूळ त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं.

“हे निघालं पूर्वेला,” ते म्हणाले. “आपलाच चुना. मास्तर खरं बोलत होते.” आणि मग थोडं थांबून, “तूही.”

शरयूबाईंनी ढेकूळ हातात घेऊन पाहिलं. “मले ताट चाखायले बसवलं तुमी,” त्या म्हणाल्या. “झाडाचं जाऊ द्या.”

 माझं चुकलं, हे शब्द नरहररावांनी आजवर कचेरीतही कोणाला म्हटले नव्हते. ते आता म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की शरयूबाईंनी वर पाहिलं.  संध्याकाळी त्यांनी ताट वाढलं. नरहरराव हात मागे घेऊन थांबले, रोजच्यासारखे. शरयूबाई पोळी तव्यावर टाकत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “थंड होऊन राह्यलं, जेवा,” आणि पुन्हा तव्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी नरहरराव ढेकूळ घेऊन लिमयांकडे गेले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेतल्या वीस पावलांत तीनदा जुळवलं होतं, पण लिमयांचं लक्ष ढेकळावरच होतं. त्यांनी ते उलटसुलट केलं, आतून लिंबू आणून त्यावर पिळलं, आणि ते फसफसलं तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या विद्यार्थ्यासारखा उजळला. मग त्यांना समोर उभ्या असलेल्या माणसाची आठवण झाली. मीही चोरून ओतत होतो, ते म्हणाले, ते बरं नव्हतं. सरळ येऊन सांगायला हवं होतं. तुम्ही ऐकलं नसतंत, तरी.

“नसतंच ऐकलं,” नरहरराव म्हणाले.

वीतभर जागेचा विषय दोघांनीही काढला नाही. तार होती तिथेच राहिली.

रूपरावाने आठ दिवस खपून पूर्वेचा चुना काढला, गाड्याने बाहेर नेला आणि तळ्यातला गाळ व शेणखत आणून भरलं. लिमये शाळेतून आले की कुंपणापलीकडे उभे राहून किती खोल जायचं ते सांगत. उरलेल्या सात झाडांना हिराकशीचं पाणी आणि आंबट ताक घालायचं ठरलं. हे काम नरहररावांनी स्वतःकडे घेतलं. दोन झाडं तरीही गेली. पाच उठली. पावसाळ्यात मेलेल्या पाचांच्या जागी नवी रोपं लागली. या वेळी त्यांनी दोरी लावली नाही. रूपरावाने हाताने अंतर मोजलं आणि रांग थोडी वाकडी झाली.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात लिमयांची अकोल्याला बदली झाली. जाण्याआधी शरयूबाईंनी त्यांना जेवायला बोलावलं. पाहुण्याने पुरणपोळी मागून घेतली. सामान स्टेशनवर नेणाऱ्या टांग्याबरोबर नरहरराव गेले आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहिले.

त्या पावसाळ्यात पूर्वेची रांग पहिल्यांदा फुलली. लिमयांना कळवा, शरयूबाई म्हणाल्या. नरहररावांनी कार्ड लिहिलं. खुशालीची एक ओळ, आणि मग प्रत्येक झाडाची उंची, कोणाला किती पालवी, कोणतं झाड अजून फिकट, असं कार्डाच्या कडेपर्यंत बारीक अक्षरात. आठ दिवसांनी अकोल्याहून उत्तर आलं. सातव्या झाडाला ताक चालू ठेवा, लिमयांनी लिहिलं होतं, पण हिराकस आता थांबवा. वहिनींना नमस्कार.

नरहररावांनी कार्ड शरयूबाईंना वाचून दाखवलं, आणि ताकाचं भांडं घेऊन मागे गेले.